जुन्या स्पेस शूटर गेमची खरी किंमत कशी काढायची

मी हौसेने घेतलेली पहिली ‘दुर्मिळ’ कार्ट्रिज (कन्सोलमध्ये खुपसायची गेमची डबी) डुप्लिकेट निघाली. दुसरी अस्सल होती, पण तिला जवळजवळ दुप्पट पैसे मोजले, कारण विकणारा मागतो तोच बाजारभाव अशी माझी भाबडी समजूत होती. तिसऱ्या खेपेपासून मी वही घेऊन बसायला लागलो. त्या वहीतलं तुमच्या कामाचं आहे तेवढं इथे क्रमाने देतो. जुन्या खोक्यात ‘स्टार फॉक्स’ सापडला असेल, ‘रेडिएंट सिल्व्हरगन’ घ्यायची इच्छा असेल किंवा कुणी ‘थंडर फोर्स’चा अख्खा लॉट विकायला काढला असेल, तपासणीची पद्धत तीच.

आधी एक गैरसमज काढून टाका. ‘या गेमची किंमत काय?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. किंमत गेमला नसते, तुमच्या हातातल्या प्रतीला असते. ती कोणत्या देशातली, खोका आहे का, पुस्तिका आहे का, लेबल फाटलंय का, आतली पाटी (सर्किट बोर्ड) अस्सल आहे का, हे कळल्याशिवाय कुणी आकडा सांगत असेल तर तो अंदाजपंचे बोलतोय असं समजा.

हाताशी काय हवं

- ३.८ मिमीचा गेमबिट. निन्टेन्डो आणि सेगाच्या बहुतेक कार्ट्रिजेसचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत. (४.५ मिमीचा कन्सोल उघडायला लागतो, तो इथे नको.)
- भिंग आणि मोबाइलचा टॉर्च.
- ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड.
- गेम चालवून बघायला त्याच प्रदेशाचा कन्सोल. स्वतःचा नसेल तर कुणाचा तरी.
- कागदपत्रं: खरेदीची पावती, विकणाऱ्याशी झालेला संवाद, त्याने टाकलेले मूळ फोटो, आणि ग्रेडिंग झालेली (संस्थेने तपासून गुण दिलेली) प्रत असेल तर तिचा प्रमाणपत्र क्रमांक. वस्तू विकली गेल्यावर जाहिरातीतले फोटो गायब होतात, म्हणून आधीच उतरवून ठेवा.

१. गेमचं पूर्ण नाव आणि आवृत्ती शोधा

ही पायरी सोपी वाटते आणि इथेच माणसं फसतात. स्पेस शूटरच्या नावांचा घोळ मोठा आहे. ‘स्टार फॉक्स’ (१९९३) युरोपात ‘स्टारविंग’ नावाने आला. ‘सुपर अलेस्टे’ अमेरिकेत ‘स्पेस मेगाफोर्स’ झाला. ‘सॅलामँडर’ निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलवर ‘लाइफ फोर्स’ आहे. ‘थंडर फोर्स ४’ अमेरिकेत ‘लाइटनिंग फोर्स’ म्हणून निघाला आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जास्तीचं अक्षर घुसून चक्क खोक्यावर छापलं गेलं. ती चूक असलेला खोका बघून ‘हा डुप्लिकेट आहे’ म्हणणारे मला भेटलेत. उलट आहे, अस्सल खोक्यावर ती चूक असायलाच हवी. शोधताना सगळी नावं टाकून बघा. चुकीच्या नावाखाली टाकलेला गेम कधीकधी पडत्या भावात मिळतो.

सगळ्यात छुपा सापळा ‘आर-टाइप’चा. पीसी इंजिन या जपानी कन्सोलवर १९८८ साली हा गेम दोन वेगवेगळ्या कार्डांवर निघाला: पहिल्यावर पहिले चार टप्पे, दुसऱ्यावर उरलेले चार. जपानी ‘आर-टाइप १’ घेतलात तर गेम अर्धाच हातात येतो. त्या दुसऱ्या कार्डाचा आणि १९८९ साली आर्केडमध्ये (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) आलेल्या ‘आर-टाइप २’ या वेगळ्या गेमचा काही संबंध नाही. अमेरिकन टर्बोग्राफ्स-१६ वर (पीसी इंजिनचाच अमेरिकन अवतार) मात्र आठही टप्पे एकाच कार्डावर आहेत. किमतींची तुलना करताना या तीन गोष्टी एका रांगेत उभ्या करू नका.

निओ जिओ या कन्सोलचं आणखी वेगळं. घरी खेळायची एईएस कार्ट्रिज आणि आर्केड मशीनमधली एमव्हीएस कार्ट्रिज यांच्यात गेम तोच असतो, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. ‘पल्सटार’ किंवा ‘ब्लेझिंग स्टार’ एईएसमध्ये स्वस्त दिसला, तर आर्केडच्या चिप काढून घरच्या कवचात बसवल्या असण्याची शक्यता आधी धरा.

शिवाय पुनर्मुद्रण. निन्टेन्डोची ‘प्लेअर्स चॉइस’, प्लेस्टेशनची ‘ग्रेटेस्ट हिट्स’ आणि ‘प्लॅटिनम’, सेगाच्या सॅटर्न कन्सोलची ‘साताकोरे’ ही खपाऊ गेमची स्वस्त मालिका. त्यांना सहसा पहिल्या छपाईपेक्षा कमी भाव मिळतो.

२. सोबत काय काय आहे ते मोजा

बाजारात तीन मुख्य गट आहेत: सुटी कार्ट्रिज किंवा डिस्क, सगळं साहित्य असलेली प्रत (संग्राहक हिला ‘सीआयबी’ म्हणतात) आणि सीलबंद. पहिल्या दोघांतलं अंतर किती, ते खोका कशाचा होता यावर ठरतं. अमेरिकन सुपर निन्टेन्डोचे खोके पुठ्ठ्याचे. पोरांनी गेम काढला, खोका फेकला. त्यामुळे ‘स्टार फॉक्स’ची सुटी कार्ट्रिज ढिगाने मिळते, पण कोपरे न दबलेला खोका शोधताना दम लागतो. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलचे बरेचसे खोके प्लास्टिकचे, ते आपोआप टिकले.

जपानी सीडी गेमला डाव्या कडेला एक कागदी पट्टी येते, स्पाइन कार्ड किंवा ओबी. ती नुसती चिकटपट्टीसारखी दिसते, म्हणून मी सुरुवातीला घेतलेल्या सॅटर्नच्या एका गेमची पट्टी वाचनखूण म्हणून वापरली. नंतर पट्टी असलेल्या आणि नसलेल्या प्रतींचे भाव शेजारी ठेवून बघितले तेव्हा डोक्याला हात लावला. याउलट सीडीच्या प्लास्टिक डबीची बिजागरी तुटली असेल तर फार दुःख नको, डबी बदलता येते.

‘कम्प्लीट’ हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी फार सैल असतो. यादी मागा: पुस्तिका, नोंदणी कार्ड, पोस्टर, आतला पुठ्ठ्याचा ट्रे. पुस्तिकेच्या मधल्या पानाचा फोटो मागा. स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर तो जुनेपणाचा चांगला पुरावा असतो. फोटोकॉपीची पुस्तिका असेल तर भिंगाखाली छपाईच्या बारीक ठिपक्यांची रचना विस्कटलेली दिसते.

३. अवस्था तपासा

कार्ट्रिजचं लेबल आधी. उन्हात राहिलेलं लेबल फिकं पडतं, लाल रंग सगळ्यात आधी उडतो. भाड्याने देणाऱ्या दुकानाचा स्टिकर, पेनने लिहिलेलं मुलाचं नाव, कोपऱ्यावर नखाने ओरबाडलेलं, हे सगळं भाव खाली आणतं. राखाडी प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर घरगुती रसायनांनी पांढरं करायच्या फंदात पडू नका. संग्राहकांना पिवळेपणा चालतो, डागाळलेलं ब्लीच चालत नाही.

डिस्क उलटी करून बघतो तशी सुलटीही बघा. सीडीत माहितीचा थर वरच्या, म्हणजे लेबलच्या बाजूला असतो. खालच्या बाजूचे हलके ओरखडे बहुधा निभावून जातात. वरच्या बाजूला खोल चरा पडला तर डिस्क गेलीच. टॉर्च मागून धरा. टाचणीने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले तर थर खराब व्हायला लागला आहे. मशीनवर घासून चकचकीत केलेल्या डिस्कवर तिरप्या उजेडात धुरकट वर्तुळं दिसतात. ती खेळायला उत्तम, संग्रहाच्या भावात मात्र खाली.

आणि ‘तपासलेलं नाही’ असं लिहिलेलं असेल तर माझा नियम सरळ आहे: तपासलंय आणि चालत नाहीये असं धरून बोली लावा. जपानी लिलावांत ‘जंक’ या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा. तिथे त्याचा अर्थ ‘हमी नाही, परत घेणार नाही’ एवढाच असतो, आणि त्यातल्या पुष्कळ वस्तू ठणठणीत निघतात. जुगार आहे, पण प्रामाणिक जुगार.

४. अस्सल की डुप्लिकेट?

इथे घाई करू नका. लेखातली बाकीची सगळी गणितं या पायरीवर उभी आहेत.

काही वस्तूंचा निकाल न उघडताच लागतो. ‘स्टार फॉक्स २’ नव्वदच्या दशकात तयार होऊनही बाजारात आला नाही. तो अधिकृतपणे मिळाला २०१७ साली, छोट्या ‘एसएनईएस क्लासिक’ कन्सोलच्या पोटात. त्यामुळे लेबल, खोका, पुस्तिका अशी नटूनथटून आलेली ‘स्टार फॉक्स २’ची सुपर निन्टेन्डो कार्ट्रिज ही नंतर कुणीतरी बनवलेलीच असते. खेळायला घ्या हवी तर, पण ‘दुर्मिळ’ म्हणून नको.

मूळ ‘स्टार फॉक्स’ची तपासणी मी कशी करतो ते सविस्तर सांगतो, म्हणजे तीच नजर बाकीच्यांना लावता येईल. कार्ट्रिज उलटी करून खालच्या खाचेत बघा. साध्या सुपर निन्टेन्डो गेमला मधोमध संपर्कपट्ट्यांची एकच रांग असते. ‘स्टार फॉक्स’मध्ये सुपर एफएक्स नावाची जास्तीची चिप आहे, तिच्यासाठी दोन्ही टोकांना पट्ट्यांचे आणखी छोटे गट असतात. ते नसतील तर विषय संपला. मग लेबल. अमेरिकन अस्सल लेबलवर दाबून उमटवलेला दोन अंकी आकडा असतो, कधी त्याला अक्षर जोडलेलं. उजेड तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही, म्हणून फोटोत बघू नका, विकणाऱ्याला तिरपा फोटो काढायला सांगा.

मग गेमबिटने उघडा. पाटीवर निन्टेन्डोचं नाव आणि साल छापलेलं हवं, आणि चिपवर ‘मारिओ चिप १’ असं. हा मिशीवाल्या मारिओचा गेम नव्हे, सुपर एफएक्सचं ते सुरुवातीचं नाव आहे. डुप्लिकेटची पाटी बघितली की लगेच ओळखू येते: नवी कोरी, नाव-गाव नसलेली, वर आधुनिक फ्लॅश चिप आणि हाताने केलेलं जाडसर सोल्डरिंग. फक्त एक काळजी घ्या. चिपच्या जागी काळा डांबरासारखा गोळा दिसला की लोक ‘डुप्लिकेट’ म्हणून मोकळे होतात. पण फॅमिकॉमच्या (एनईएसचा जपानी अवतार) काळात कितीतरी अस्सल पाट्यांवरही असे गोळे होते. कंपनीचं नाव, साल आणि छपाईची सफाई एकत्र बघूनच निर्णय घ्या. जमलं तर त्याच गेमच्या अस्सल पाटीचा फोटो शेजारी ठेवा. फॅमिकॉमच्या बहुतेक कार्ट्रिजेसना स्क्रू नसतात, नुसत्या खटक्यांवर बसवलेल्या असतात. उगाच पेचकस घालून कड तोडू नका, मी तोडली आहे. ‘सॅलामँडर’चं निळं पारदर्शक कवच असेल तर मात्र आतली पाटी न उघडताच दिसते. सगळ्यांनी असंच करायला हवं होतं.

डिस्कवाल्या गेमची खूण डिस्कवरच असते. सॅटर्नच्या अस्सल डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला एक सुरक्षा-वलय असतं आणि त्यात सेगाचं नाव उमटलेलं असतं. ‘रेडिएंट सिल्व्हरगन’च्या घरी ‘बर्न’ केलेल्या प्रतीत ते येऊच शकत नाही. सेगाच्याच ड्रीमकास्ट कन्सोलच्या ‘इकारुगा’ची डिस्क जीडी-रॉम (सेगाची खास प्रकारची डिस्क) आहे. तिच्या खालच्या बाजूला आतला आणि बाहेरचा भाग वेगळा करणारं स्पष्ट वलय दिसतं. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क खालून काळ्या असतात, ‘आइनहेंडर’सुद्धा. पण काळ्या कोऱ्या सीडीही बाजारात मिळायच्या, तेव्हा नुसत्या काळेपणावर विसंबू नका. मधल्या भोकाभोवतीचा कोरलेला क्रमांकही वाचा.

एक तक्रार इथेच नोंदवतो. आजकाल काही कंपन्या रीतसर परवाना घेऊन जुने शूटर नव्या कार्ट्रिजवर काढतात, आणि ते छानच आहे. पण अशी प्रत दोन हात फिरली की ‘नवी’ हा शब्द गळून पडतो आणि ती मूळ म्हणून विकायला येते. खोक्याच्या मागचं साल वाचा.

५. मागितलेली नव्हे, मिळालेली किंमत बघा

ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ हा गाळणा लावा. साधारण मागच्या ९० दिवसांतले व्यवहार दिसतात. जपानी आवृत्तीसाठी याहू जपानच्या लिलावांतले पूर्ण झालेले सौदे बघा, कारण तोच तिचा मूळ बाजार. ‘प्राइसचार्टिंग’सारखी संकेतस्थळं असे व्यवहार गोळा करून सुटी, पूर्ण, सीलबंद असे वेगवेगळे आकडे देतात. दिशा कळायला ती उत्तम, पण त्यांत कधी अमेरिकन गेमच्या रांगेत जपानी प्रत घुसलेली असते, कधी लॉट. दुर्मिळ गेमचे महिन्याला दोनच व्यवहार होत असतील तर एक चुकीची नोंदही आकडा बिघडवते. त्यामुळे नोंदी एकेक करून उघडून बघाच.

ईबेवर एक बारीक फसगत आहे. खरेदीदाराने घासाघीस करून कमी किमतीत घेतलेली वस्तू विकलेल्या यादीत मूळ मागणीच्या आकड्यासह दिसते, फक्त तो आकडा खोडलेला असतो. प्रत्यक्षात किती दिले ते दिसत नाही. खोडलेले आकडे मी हिशेबात धरतच नाही.

हिशेब असा. समजा तुमच्याच आवृत्तीच्या, तुमच्याच अवस्थेतल्या सहा प्रती ६०, ६४, ६६, ७०, ७१ आणि १४० डॉलरला गेल्या. सरासरी काढलीत तर ७८.५ येते, पण त्या किमतीच्या आसपास एकही प्रत विकली गेलेली नाही. मधल्या दोन आकड्यांच्या मधोमध ६८ येतात, तो तुमचा आकडा. १४० वाली नोंद उघडून बघा. बहुतेक वेळा तिच्यासोबत पोस्टर असतं किंवा दोन हट्टी बोलीदार. पाठवणावळ किमतीत धरलेली आहे की वेगळी, हेही लिहून ठेवा. हलक्या वस्तूच्या बाबतीत यानेच निम्मा गोंधळ होतो.

६. दुर्मिळ म्हणजे महाग नव्हे

अटारी २६०० वरचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९८०) इतिहासात मोठा. घरोघरी कन्सोल नेण्यात त्याचा वाटा फार. पण तो दहा लाखांहून जास्त खपला, म्हणून सुटी कार्ट्रिज अजूनही किरकोळ भावात मिळते. वय बघून भाव ठरवू नका.

महाग काय होतं? बहुतेक वेळा कन्सोलच्या अखेरच्या दिवसांत निघालेला उत्तम गेम. ‘समर कार्निव्हल ९२: रेक्का’ १९९२ साली फॅमिकॉमवर आला तेव्हा सुपर फॅमिकॉम (जपानी सुपर निन्टेन्डो) येऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती. ‘रेडिएंट सिल्व्हरगन’ सॅटर्नवर १९९८ च्या जुलैमध्ये, फक्त जपानात; त्याच वर्षी नोव्हेंबरात ड्रीमकास्ट आला. घेणारे कमी, छपाई कमी, आणि नंतर कीर्ती वाढत गेली. खराब गेम कितीही दुर्मिळ असो, त्याला एवढी मागणी राहत नाही.

नवा डिजिटल अवतार आला की मूळ प्रतीचा भाव कोसळेल, ही आशा (किंवा भीती) फारशी खरी ठरत नाही. ‘रेडिएंट सिल्व्हरगन’ २०११ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आणि २०२२ मध्ये स्विचवर आला, तरी सॅटर्नची डिस्क महागच आहे. खेळणारा आणि जपून ठेवणारा ही दोन वेगळी गिऱ्हाइकं. घोषणेच्या आठवड्यात मात्र भाव उगाच वरखाली होतात, तेव्हा घेऊही नका आणि विकूही नका.

७. ग्रेडिंग करावं का?

माझं उत्तर बहुतेकांसाठी ‘नको’. ‘वाटा’ (Wata), ‘व्हीजीए’ (VGA) यांसारख्या संस्था प्रत तपासून, गुण देऊन प्लास्टिकच्या कवचात बंद करतात. ‘वाटा’मध्ये खोक्याला १० पैकी गुण आणि सीलला वेगळी अक्षरी श्रेणी असते. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली आणि प्रत्येकाला आपल्या कपाटात खजिना दिसायला लागला. पण ती जवळजवळ निर्दोष, सीलबंद प्रत होती. तुमच्या सुट्या ‘ग्रेडियस’चं ग्रेडिंग करायला जितका खर्च येईल, तितक्याला तो गेमही विकला जाणार नाही.

सीलबंद, महाग आणि तुम्हाला स्वतःला शंका असलेली प्रत असेल तरच विचार करा. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिक आणि हेअर ड्रायरने सील पुन्हा लावता येतं. शिवण कुठे आहे ते त्या काळच्या अस्सल प्रतीशी ताडून बघा. सील घट्ट आणि आतल्या खोक्याचे कोपरे मात्र झिजलेले, असं दिसलं तर हात आखडता घ्या.

८. व्यवहार

विकताना काढलेल्या भावातून संकेतस्थळाचं कमिशन, पैसे पोचवण्याचं शुल्क, पाठवणावळ आणि पॅकिंग वजा करा. उरतं ते तुमचं. दुकानदाराला एकगठ्ठा दिलंत तर तो बाजारभावापेक्षा बराच कमी देईल. त्यालाही माल पडून राहण्याचा धोका असतो, रागावू नका. दोष लपवू नका, उलट फोटोत जवळून दाखवा. परत आलेलं पार्सल फार महाग पडतं.

पाठवण्याआधी संपर्कपट्ट्या अल्कोहोलच्या इअरबडने पुसा, पूर्ण वाळू द्या. लेबलवर थेंबही नको. पुठ्ठ्याचा खोका असेल तर त्याला मापाचं पारदर्शक कवच घाला आणि चिकटपट्टी थेट खोक्याला लागणार नाही हे बघा.

घेणारे असाल तर पार्सल उघडताना व्हिडिओ चालू ठेवा. गेमबिट आधीच शेजारी काढून ठेवा, म्हणजे पाकीट फाडल्यापासून आतली पाटी दिसेपर्यंत चित्रण मध्ये कुठेही तुटणार नाही.